म्हातारीमागं अर्धी टाकी

४ मार्च

आई गेली लाखनीला. भाऊ ऑटो घेऊन आला होता. चांगली महिनाभर राहते म्हणून आली होती, आणि आल्या पावली पिशवी भरून निघाली. मी अडवलं नाही. कोणत्या तोंडानं अडवणार?

कालचं लिहून ठेवते, म्हणजे राग शिळा होणार नाही. आईचं पोट बिघडलेलं. सकाळपासून आत-बाहेर चाललेलं. दुपारी आत गेली आणि पाणी बंद. आतून आवाज, "पोरी, पाणी नाही येऊन राहिलं वो." मी मोरीत धावले, सैपाकघरात धावले, सगळे नळ कोरडे. टाकी भासऱ्यांच्या, म्हणजे यांच्या थोरल्या भावाच्या, स्लॅबवर, आमच्याकडे येणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्हही तिथंच. पिण्याचा माठ उचलून आत नेला. त्यात भागलं नाही.

आणि भिंतीपलीकडून मोठीबाई, म्हणजे माझी जाऊ, शेजारणीला सांगत होती, तेही गावाला ऐकू जाईल असं: "एका म्हातारीमागं अर्धी टाकी चालली. बंदच केलं यायनं वरून. कोठून पुरवाव आमी?"

आईनं ऐकलं.  आज ऑटोत बसताना एवढंच म्हणाली, "तुह्या घरी पाणी झालं का सांगजो. मंग येईन."

भावाच्या घरी ती वरच्या मजल्यावर आणि संडास खाली अंगणात. तिचे गुडघे ते. जिना उतरताना पडली तर ते पाप कुणाच्या माथी, ते मी आजच ठरवून टाकलं आहे.

५ मार्च

यांना म्हटलं, तुम्ही तुमच्या भावाला जाब विचारा. हे म्हणाले, "दादाले कसा बोलू मी?" बाहेर दुकानात गिऱ्हाइकाशी तास तास हुज्जत घालतील. दादासमोर मांजर.

बोअर मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, दोघा भावांसाठी मारली होती. ते होते तोवर सगळं सरळ होतं. वाटणीत घरं दोन झाली, बोअर सामायिक राहिली, टाकी मात्र थोरल्याच्या स्लॅबवर. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही की ज्याच्या स्लॅबवर टाकी त्याच्या हातात दुसऱ्याचं नाक.

मीच बोलले असते. पण आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून आजपर्यंत एक शब्द नाही. ते फाटकाशी खाकरले की मी पदर घेऊन आत. काही सांगायचंच असेल तर भिंतीला सांगायचं, मांजराला सांगायचं, त्यांनी ऐकून घ्यायचं. मांजराला शिव्या देऊन काय होणार?

होईल. काहीतरी होईल. मी सोडणार नाही.

९ मार्च

आज आमच्या संडासात दार लावून उभी राहिले आणि त्या कमोडकडे नीट पाहिलं. आईच्या गुडघ्यांसाठीच तो बसवला होता. कुणाच्या तरी घरून निघालेला जुना माल, स्वस्तात मिळाला म्हणून यांनी आणला. मागे ही ढब्बू टाकी. दांडी दाबली की लहान काम असो की मोठं, सगळी टाकी रिकामी. आई गेल्यावर त्यांनी व्हॉल्व्ह पुन्हा उघडला होता; वरून येणारं पाणी बंद करून बादलीनं टाकी भरून पाहिली. एक बादली पुरली नाही.

म्हणजे मोठीबाई अगदीच खोटं बोलली नव्हती. ती साफ खोटी निघाली असती तर मला एवढं लागलं नसतं. खरं बोलून कुणी अपमान केला की त्याला उत्तर देता येत नाही, फक्त उट्टं काढता येतं.

तर आधी तिच्या तोंडातली ती अर्धी टाकी काढून घ्यायची. मग पुढचं.

११ मार्च

शिलाईच्या क्लासला येणारी एक पोरगी म्हणाली, टाकीत वीट ठेवा, तेवढं पाणी कमी लागतं. ठेवली.

१३ मार्च

वीट विरघळली. लाल चिखल. तिचा चुरा खालच्या रबरात अडकला आणि पाणी थांबेचना. मीच हात घालून साफ केलं. हे दारात उभे राहून म्हणतात, "काहून वो, मुरूम भरून राहिली का संडासात?" बोलले नाही यांच्याशी संध्याकाळपर्यंत.

१५ मार्च

विटेऐवजी पाण्यानं भरलेल्या बाटल्या ठेवल्या. टाकी कमी भरते खरी, पण भांडं साफ होत नाही. दोनदा ओढावं लागतं. पाणी तेवढंच, वर मेहनत जास्त.

पल्लवीला, माझ्या लेकीला, फोनवर सांगितलं. नागपूरला नर्सिंगचं शिकते, आईला शिकवायची संधी सोडत नाही. "आई, जुन्या भांड्याचा घाटच तसा आहे. त्याला जास्त पाणी लागतंच. नुसती टाकी लहान करून काय होते? भांडं नि टाकी दोन्ही बदल." आणि खूप हसली. म्हणाली, मैत्रिणींना सांगते, माझी आई संडासावर संशोधन करून राहिली.

हस बाई. तुझ्या आजीला त्या दिवशी माठातल्या पाण्यानं धुतलं, ते तू पाहिलं नाहीस.

१९ मार्च

भंडाऱ्याला गेले. एकटीच. दुकानदार गुलाबी कमोड दाखवतो, सोनेरी नक्षीचा दाखवतो. मी म्हटलं, मला फक्त सांगा कमीत कमी पाण्यात साफ कोणतं होतं. तो चपापला. असं कुणी विचारत नाही म्हणे, सगळे रंग विचारतात.

शेवटी एक साधा पांढरा निघाला. वर दोन बटणं. लहान कामाला लहान, मोठ्याला मोठं. लहान बटणाला तांब्या-दोन तांब्याचं पाणी, मोठं दाबलं तरी जुन्याच्या निम्म्याहून कमी. भांड्याचा उतार असा की पाणी एकदम जोरानं खाली उतरतं.

ब्लाउजांचे, घागऱ्यांचे जे पैसे साठले होते ते सगळे तिथं ठेवून आले. यांना विचारलं नाही.

२३ मार्च

बसला. नळवाला गेल्यावर मी कणकेचे गोळे करून टाकले आणि मोठं बटण दाबलं. सगळे गेले. पुन्हा टाकले, पुन्हा गेले. हे म्हणाले, "पोळ्याची कणीक हाये ते." असू दे. इतकं समाधान मला सोन्याच्या बांगड्यांनी झालं नव्हतं.

नळवाल्यानं जाताना एक सांगितलं. मागच्या टाकीत चिमूटभर हळद टाकायची, थोडा वेळ बटण दाबायचं नाही. भांड्यात पिवळं उतरलं तर आतलं रबर गळतं. आपल्याला कळतही नाही आणि रात्रंदिवस पाणी जात राहतं. लगेच हळद टाकून पाहिली. भांडं पांढरं ते पांढरं.

२७ मार्च

आता दुसरं काम. त्यांच्या व्हॉल्व्हखालून सुटायचं. आमच्या छतावर आमची वेगळी टाकी. यांना म्हटलं, तुम्ही जाऊन सांगणार की मी मांजराला सांगू? गेले. मी भिंतीला कान लावून.

भासरे हसले. मोठ्यानं. "बसव ना बाबू, मी कायले नाही म्हणू? माही टाकी भरली का मंग तुही एकडाव भरून घे. पण एकच डाव बरं. दिवसातून एकडाव. तुह्या सासूचं त्याच्यात धुणंही होनार नाही." मग मोठीबाई, "हप्त्याच्या आत भांडी घेऊन येसान आमच्याच दारात."

हे येऊन म्हणाले, दादानं परवानगी दिली. जसं काही बक्षीस मिळालं. मी म्हटलं, सर्वात लहान टाकी आणा. दुकानात असेल ती सर्वात लहान. हे बघतच राहिले.

तिच्या दारात भांडं घेऊन जाईन तर नावाची सुनंदा नाही.

२ एप्रिल

टाकी चढली. काळी, एवढीशी, हाऱ्याएवढी दिसते खालून. मोठीबाईनं तिच्या स्लॅबवरून पाहिली आणि तोंडाला पदर लावला.

५ एप्रिल

आईला घेऊन आले. ऑटोतून उतरताना तिनं आधी वर टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढीशी?" म्हणाली. मी तिला हात धरून थेट संडासात नेलं. दोन्ही बटणं दाखवली. हे लहान, हे मोठं. दाबून दाखवली. आईनं स्वतः दाबलं, परत भरायची वाट पाहिली, पुन्हा दाबलं. म्हटलं, "बस कर माय, टाकी खेळण्यात जाईल."

९ एप्रिल

भागतं. भागून उरतं. संध्याकाळी टाकी वाजवून पाहते, खालून बोटं मारत गेलं की पाणी कुठवर आहे ते आवाजावरून कळतं. अजून कधी तळ गाठला नाही. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी मोरी धुवायला. पण खरा फरक पडला तो संडासानं. जुन्यात दिवसभराचं सगळं तिथंच जात होतं.

आई आत जाताना आम्हाला सांगून जाते, "लहान बरं!" किंवा "मोठं!" यांना लाज वाटते. मला ऐकायला छान वाटतं. मुद्दाम भिंतीजवळ उभी राहून ओरडून विचारते, "आई, पाणी येऊन राहिलं ना?" आईही तशीच, "भरपूर वो!"

१२ एप्रिल

आज जे पाहिलं ते सगळी कामं टाकून लिहिते. आनंदानं.

कुरडया. दर उन्हाळ्यात दोन्ही घरच्या मिळून मोठीबाईच्या स्लॅबवर घालतो. भांडण असो नसो, कुरडयांना सुट्टी नाही, नाहीतर गाव बोलतं. मीही गेले, तोंड शिवून साचा दाबत बसले. मोठीबाई चीक आणायला खाली उतरली. मला हात धुवायचे होते. वरची खोली त्यांच्या पुण्याच्या मुला-सुनेची, दिवाळीला येतात तेवढीच. एरवी कुलूप. चादरी काढायला म्हणून आज उघडी होती. तिथल्या बाथरूममध्ये गेले.

नवाकोरा कमोड. सुनेसाठी बसवलेला. आणि भांड्यात मागच्या बाजूनं पाण्याची एक बारीक धार. आवाज नाही. नीट पाहिलं तर पाणी नुसतं थरथरतं. हात लावला. थंड, वाहतं. मागच्या टाकीचं झाकण उचललं. रबर वाकडं बसलेलं, पाणी भरतं आहे, जातं आहे, भरतं आहे, जातं आहे. दिवाळीपासून असणार. त्यानंतर तो कमोड कुणी वापरलेलाच नाही.

म्हणजे त्या दिवशी आईमागं अर्धी टाकी गेली नव्हती. आमचा जुना कमोड पाणी खायचा, खरं आहे, पण वरची टाकी रिकामी होत होती ती इथं, कुलपाआड, कुणी बसत नाही अशा भांड्यात. आणि व्हॉल्व्ह बंद झाला माझ्या आईवर.

मोठीबाई वर आली. "काय पाहून राहिली वो छोटी?" म्हणाली. म्हटलं, "काही नाही, हात धुतले. छान आहे तुमचा संडास."

दोन बोटांएवढ्या रबराचं काम आहे. मी सांगणार नाही.

१६ एप्रिल

त्यांची टाकी दुपारीच रिकामी. भासरे पुन्हा मोटर लावतात. संध्याकाळी पुन्हा. मी अंगणात बसून काज-बटणं करते आणि ऐकते. मोटरचा आवाज मला एवढा गोड कधी वाटला नव्हता.

२० एप्रिल

चोराच्या उलट्या बोंबा. भासऱ्यांचा संशय आमच्यावर. चोरून पाइप जोडला म्हणे. हे दुकानातून आले तेव्हा भासरे यांना म्हणाले, "मले छत दाखव तुहं." खाकरले, मी आत. शिडीनं चढले. त्या वयात, त्या देहानं. झाकण उघडून पाहिलं असणार. 

मी खिडकीतून आईला सांगते तसं, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आई, आपली टाकी अजून अर्धी आहे ना वो? आज तर तुह्या गोधड्याही धुतल्या." आई म्हणाली, "हाये ना. मोप हाये."

उतरताना ते एक पायरी चुकले. मी हसले नाही. आत जाऊन हसले.

२३ एप्रिल

आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. आज त्यांनी अंगण खोदलं. पाइप जमिनीत फुटला असेल असा अंदाज. गडी लावले. चांगल्या फरशा उखडल्या, मोठीबाईची रांगोळीची जागासुद्धा गेली. पाइप धडधाकट.

मग नळवाला आणला, वेगळाच, तुमसरचा. त्यानं विचारलं म्हणे, वरच्या मजल्यावर काय आहे? भासरे म्हणाले, "वरती कोणी राहतच नाही. कुलूप हाये." नळवाला निघून गेला. मी भिंतीमागं. ओठ दातांखाली दाबून धरले.

त्यांची सेप्टिक टाकीही भरून वाहते आहे, उपसायला गाडी येऊन गेली. दोघंच माणसं घरात आणि सेप्टिक टाकी भरते. एवढ्यावरूनही डोक्यात उजेड पडत नाही. मोठीबाई म्हणते कुणीतरी करणी केली.

हो बाई. रबरानं केली.

२६ एप्रिल

आज आमची टाकी अर्धीच भरली. शेवटी गढूळ. दिवसभर मोटर चालवून चालवून बोअर खाली गेली. मध्येच हवा फेकते.

यांना मी त्या रात्रीच सांगितलं होतं धारेचं. आज म्हणाले, "सांगून टाक ना आता. आपलीच बोअर आटून राहिली." मी म्हटलं, तुम्ही सांगा. म्हणाले, "मले दादा विचारन, तुमाले कसं मालूम, मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं?" बरोबर आहे. अडकलेच. सांगितलं तरी चोर, नाही सांगितलं तरी पाणी नाही.

आईला वाटलं असेल मी खचले. तिनं बाजेवरून हाक मारली. मला वाटलं, आता म्हणेल की पोरी, जाऊ दे, माफ कर. म्हातारी माणसं म्हणतात तसं. आई म्हणाली, "नोको सांगू. फटका बसू दे अजून. मी लहान बटनावरच भागवतो."

माझीच आई. दुसरी कुठली असणार!

३० एप्रिल

अक्षय तृतीया. आजचा दिवस मी मरेपर्यंत सोडणार नाही.

मामाजींच्या नावाची घागर दरवर्षी थोरल्याच्या घरी. नवी घागर, पितरांसाठी गार पाण्यानं काठोकाठ भरायची, वर आंबा, पाटावर मांडायची. भात, कढी, कुरडया, चिंचवणी. मी पहाटे उठून कुरडया तळून नेऊन दिल्या, ते कर्तव्य. घरी आले आणि पलीकडे मोटर गुरगुरली, मग एक घाण वास, मग शांत. जळली. सणाचा दिवस, मिस्त्री कुठून मिळणार. त्यांच्या टाकीत थेंब नाही. सरकारी नळाला आज पाळी नाही. आमची टाकी काल संध्याकाळीच भरून घेतलेली.

थोड्या वेळानं मोठीबाई आली. हातात ती घागर. कोरडी. दारात उभी राहिली. "घागर भराची हाये," म्हणाली. कुणाला म्हणाली कळेना, माझ्याकडे पाहतच नव्हती.

मी मशीनवर बसले होते. पाय थांबवला नाही. म्हटलं, "भरा की. तुमची टाकी मोठी आहे."

"छोटी, आज नोको लावू असं. मामाजीची घागर हाये."

"मामाजींची आहे म्हणूनच म्हणते. ज्यांनी माझ्या आईचं पाणी बंद केलं, त्यांनी येऊन मागावं. माझ्याकडून नाही. आईकडून."

ती उभी राहिली. मग गेली. शिवण वाकडी गेली होती, उसवून पुन्हा घातली. मामाजी मला लेकीसारखं वागवायचे. त्यांची घागर मी अडवते आहे, आणि मला वाईट वाटत नाही, याचंच जरा वाईट वाटलं. जरासंच.

फाटकाशी खाकरणं. मी पदर घेऊन दाराआड. भासरे अंगणात. आई बाजेवर.

"मामी, एक घागर पाणी पायजे होतं."

आईचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. भिंतीपलीकडचं कुजबुजणं तिला ऐकू येतं. आई म्हणाली, "कोण हाये? काय म्हनता बापू?"

"पाणी. घागरभर पाणी."

"कायले?"

"बाबूजीच्या नावाची घागर भराची हाये."

"मंग भरा ना. तुमच्या घरी पाणी नाही का?"

 मी दाराच्या फटीतून पाहिलं. मान खाली. कानाच्या पाळ्या लाल. म्हणाले, "नाही." नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, ते असं.

तेव्हा आई म्हणाली, "पोरी, भरून दे वो बापूले. पानी कोनाचं अडवू नाही." हे शेवटचं वाक्य तिनं इतकं सावकाश म्हटलं, एकेक शब्द पाटावर मांडल्यासारखा. मी घागर भरली, काठोकाठ, उंबऱ्यावर ठेवली. ते उचलून घेऊन गेले.

पुरणपोळी कधी एवढी गोड लागली नव्हती. आई दोनदा म्हणाली, "कसा उभा होता वो तो."

४ मे

मोटर नवी आली. धार तशीच. माझंही तोंड तसंच.

परवा दिवसभर वाटत होतं की आता पुरे. आईचं झालं. भासऱ्यांची मान खाली गेली. आता सांगून टाकावं, हळदीचं निमित्त करावं, मोठीबाईला म्हणावं, नळवाल्यानं सांगितलंय, वरच्या कमोडात चिमूटभर टाकून पहा. हळदीची पुडी बांधूनही ठेवली होती.

आज सकाळी किराण्याच्या दुकानात मोठीबाई. मी मागे आहे हे तिला माहीत नव्हतं. "घागरभर पान्यासाठी नाक घासाले लावलं माह्या माणसाले. अन् पानी कोनाचं? आमच्याच बोअरचं. त्या म्हातारीच्या दोन बटनाच्या संडासानंच बोअर आटली. दाबतच रायते दिवसभर."

मी सामान न घेताच परत आले. पुडी सोडून हळद डब्यात ओतली.

५ मे

यांनी बातमी आणली. भासरे नवी बोअर मारणार आहेत. स्वतःची वेगळी, जुनीच्या दुप्पट खोल. जागा? आमच्या भिंतीला लागून. पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर तिथंच नारळ उभा राहिला म्हणे. दादा म्हणाले, "आता कोनाची कटकट नाही. जुनी बोअर तुले घे पूर्ण."

हे आनंदात. पूर्ण बोअर मिळाली म्हणे. मला शेजारचे म्हातारे गुरुजी भेटले, त्यांच्याकडे तेच झालं होतं. बाजूला खोल बोअर लागली की उथळ बोअरचं पाणी खाली ओढलं जातं. उन्हाळा संपायच्या आत जुनी कोरडी. म्हणजे पूर्ण बोअर म्हणजे पूर्ण भोक.

आणि भासरे तिकडचं सगळं उपसून त्याच गळक्या भांड्यात घालणार.

मग माझी एवढीशी टाकी कशानं भरणार? लहान बटणालाही दोन तांबे लागतात. आईला पुन्हा ऑटोत बसवायचं? त्या जिन्यावर?

आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "एक दिवस थांब अजून. त्याचा पैसा लागू दे." मी म्हटलं, आई, एकदा भोक पडलं की मग सांगून उपयोग नाही. "मालूम हाये," म्हणाली. "तरी बी."

आणि खरं सांगायचं तर, मलाही तेच वाटतं. तरी बी.

७ मे

बोअरची मशीन आली. भलीमोठी गाडी, पहाटेच गल्लीत घुसली, आमच्या फाटकाचा कोपरा घासून गेली. पोरं जमली आहेत. दांडा उभा करताहेत, आमच्या भिंतीपासून हातभर अंतरावर. भासरे नवं धोतर नेसून उभे. मोठीबाई ताट घेऊन, नारळ, कुंकू, उदबत्ती.

हे दुकानात निघून गेले. म्हणाले, "तू जे कराचं ते कर. मले नोको विचारू."

आत्ता गाडीवरचा माणूस आमच्या दारात आला. परप्रांतीय, त्याला आमचं काही माहीत नाही. "बहनजी, पूजा के लिए एक बाल्टी पानी दो ना. उनके यहाँ नहीं है." पूजा झाली की मशीन सुरू. मग कानठळ्या, मग मी ओरडून सांगितलं तरी कुणाला ऐकू जाणार नाही.

त्यानं बादली ठेवली आहे. नेऊन द्यायला मीच जाणार, हे मी त्याला सांगितलं. अंगणात भासरे उभे आहेत, मध्ये भिंत नाही, मांजरही नाही. बोलायचं तर त्यांच्याशीच बोलावं लागेल, आणि आधी हे सांगावं लागेल की कुरडयांच्या दिवसापासून मला माहीत होतं.

आई आतून म्हणाली, "लहान बरं!" आणि बटण दाबल्याचा आवाज आला. छान भरली तिची टाकी पुन्हा, ऐकू येतंय इथं.

हळदीची पुडी पुन्हा बांधून कमरेला खोचली, आणि बादली नळाखाली लावून हे लिहिते आहे. धार बारीक आहे आज. अर्ध्याच्या वर आली.